वाण की गुण? (आमच्या मिक्सरच्या निमित्ताने)

ओसरी | रविवार, रात्री ११:०५

आमची लेक नऊ वर्षांची. सात महिन्यांची असताना दत्तक आली. हे घरात, शेजारी, शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिलाही. आज सासरची मंडळी जेवायला होती. ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायची म्हणून मिक्सर शोधायला गेले, तर तो गॅलरीत पालथा. खालचं झाकण काढलेलं, कपलर (भांडं फिरवणारी दातेरी चकती) वाटीत, स्क्रू ताटलीत लहान-मोठे लावून ठेवलेले आणि ही बाई पोटावर पडून टॉर्चने आत बघतेय. "घर्रर्र वाजत होता ना, म्हणून." आमच्या घरात फ्यूज बदलायलासुद्धा वॉचमनला बोलावतात, हे आधीच सांगून ठेवते.

मी ओरडले. तेवढ्यात चुलत सासूबाई वरण वाढून घेता घेता म्हणाल्या, "जाऊ दे गं. शेवटी रक्त कुणाचं, कुणी सांगावं." आवाजात वाईटपणा नव्हता. मिठाची वाटी मागावी तसं म्हणाल्या. लेकीने ऐकलं की नाही माहीत नाही, पण टॉर्च बंद झाला.

रात्री भांडी घासताना हिशोब मांडला. गेल्या वर्षी हिला मनाच्या श्लोकांच्या पाठांतरात पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा याच सासूबाई म्हणाल्या होत्या, "बघ, संस्कार!" त्यांच्या नातवाला गणितात पैकीच्या पैकी पडले की ‘आमच्या घराण्यातच गणित आहे’. तोच नातू वडिलांच्या पाकिटातून पैसे काढताना सापडला तेव्हा मात्र ‘संगत वाईट’. म्हणजे पोटच्या पोराचं चांगलं ते रक्ताचं आणि वाईट ते बाहेरचं. दत्तक पोरीचं बरोबर उलट. ढवळ्या-पवळ्याच्या म्हणीत निदान वाण आणि गुण हे दोन रकाने तरी सरळ ठेवलेत.

तर इथल्या जाणकारांना विचारते. माणूस घडतो त्यात वाण किती आणि गुण किती? टक्केवारीत सांगितलंत तरी चालेल. धीर देऊ नका, धीर द्यायला घरात माणसं आहेत.

रिकामा_डबा | रविवार, रात्री ११:२०

मूळ मुद्दा राहिलाच. मिक्सर चालू झाला का? (हलके घ्या.)

माजी_कॅशिअर | सोमवार, सकाळी ६:४०

ओसरीताई, तुम्हाला आवडणार नाही, पण स्पष्ट लिहितो. तुमच्या सासूबाईंची वेळ चुकली, मुद्दा फारसा चुकला नाही. ‘शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी’ हे तुकोबांनी उगाच म्हटलेलं नाही. बत्तीस वर्षं काउंटरवर बसून बाप आणि मुलगा दोघांच्या सह्या पाहिल्यात मी. सहीचा फराटासुद्धा उतरतो.

शास्त्र हवंय तर घ्या. अमेरिकेत ओहायो राज्यात जुळे भाऊ जन्मले. चार आठवड्यांचे असताना दोन वेगळ्या घरांत दत्तक गेले आणि थेट १९७९ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी भेटले. दोन्ही घरांनी नाव ठेवलं होतं जिम. दोघांची पहिली बायको लिंडा, दुसरी बेटी. दोघांनी मुलाचं नाव ठेवलं जेम्स अ‍ॅलन. लहानपणी पाळलेल्या कुत्र्याचं नाव टॉय. दोघे नखं कुरतडायचे, दोघांचं डोकं दुखायचं. उभ्या आयुष्यात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही! याला संस्कार म्हणणार का?

गुणसूत्र | सोमवार, दुपारी १:१५

काका, जिम बंधूंची गोष्ट खरी आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या थॉमस बुशार्ड यांचा वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास त्यांच्यापासूनच सुरू झाला. पण लिंडाशी लग्न लावून देणारं जनुक नसतं हो. लिंडा हे तेव्हा तिकडे अगदी चालतं नाव, आपल्याकडे एका पिढीत सुनीता आणि सुरेखा होत्या तसं. शिवाय एकाच राज्यातली, एकाच वयाची, एकाच रंगाची, साधारण सारख्या घरांत वाढलेली दोन माणसं. त्यांना हजार प्रश्न विचारले तर पंचवीस उत्तरं जुळणारच, आणि छापून येतात ती तेवढीच.

खरा ऐवज त्या अभ्यासाच्या आकड्यांत आहे. १९९० साली तो ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. वेगळ्या वाढलेल्या जुळ्या-तिळ्यांचे शंभराहून जास्त संच तपासलेले. निष्कर्ष असा की बुद्ध्यंकातल्या फरकापैकी सुमारे ७० टक्के भाग आनुवंशिक फरकाशी जोडता येतो. या वाक्यातला ‘फरकापैकी’ हा शब्द वाचताना सगळे गिळतात आणि तिथेच घोळ होतो.

ओसरी, तुझ्या ओट्यावरचंच उदाहरण देते. एक भाकरी घे. तिच्यात पीठ किती टक्के आणि थापणाऱ्या बाईचा हात किती टक्के? प्रश्नच वेडगळ आहे. पीठ नसेल तर भाकरी नाही, हात नसेल तरी नाही. पण दहा भाकऱ्या असतील तर त्या एकमेकींहून वेगळ्या का झाल्या, हे विचारता येतं. दहा बायकांना एकाच डब्यातलं पीठ दिलं तर सगळा फरक हाताचा. एकाच बाईला दहा घरचं पीठ दिलं, काही ताजं, काही विरी गेलेलं, तर फरक पिठाचा. टक्केवारी निघते ती भाकऱ्यांमधल्या फरकाची, आणि ती सुद्धा त्या दिवशीच्या त्या दहा भाकऱ्यांपुरती. पुढच्या गल्लीत तीच टक्केवारी लागू होईलच असं नाही.

उंचीचं तसंच. सुस्थितीतल्या समाजात उंचीची आनुवंशिकता ८० टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणून माझ्या १५० सेंटिमीटरपैकी १२० आईवडिलांचे आणि ३० वरणभाताचे असं होत नाही.

गंमत पुढे आहे. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचे बुद्ध्यंक घरच्या परिस्थितीप्रमाणे वेगळे काढून पाहिले. गरीब घरांत फरकाचा साधारण ६० टक्के भाग घरच्या वातावरणाचा निघाला, जनुकांचा जवळजवळ शून्य. सुखवस्तू घरांत उलट. ज्यांच्याकडे सगळ्यांचाच हात चांगला, तिथे फरक दिसला तर पिठाचाच दिसणार ना! पुढे युरोपात आणि ऑस्ट्रेलियात पाहिलं तर हा परिणाम तितका सापडला नाही. तिथे गरिबालाही बरी शाळा आणि दवाखाना मिळतो, हे त्याचं कारण असावं असं बरेच जण मानतात.

थोडक्यात, तुझ्या लेकीची टक्केवारी कुणी काढून देत असेल तर त्याच्याकडून मिक्सरही घेऊ नकोस.

पोहे_की_उपमा | सोमवार, दुपारी १:५०

भाकरीचं उदाहरण वाचून दंडवत. आणि भूक.

कातळसडा | सोमवार, रात्री ९:३०

गुणसूत्रताईंनी पीठ मळलंच आहे तर आंबाही वाढतो. आमच्या देवगडकडच्या बागेतून.

तिकडे जुळी भावंडं शोधायला विद्यापीठ लागतं, आमच्याकडे ती परसात उभी असतात. हापूस कोयीपासून लावला तर हापूस येईलच असं नाही, म्हणून कलम करायचं. पाऊस सुरू झाला की रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालतो. पंधराएक दिवसांनी कोंब वर येतो, पानं अजून तांबूस आणि लुसलुशीत असतात. तेव्हा त्याचा शेंडा छाटून मधोमध खाच द्यायची, चांगल्या हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. हे कोय कलम. म्हणजे एका झाडाच्या हजार काड्या ही हजार जुळी भावंडं झाली. वाण शंभर टक्के एक.

आता गुणाचं बघा. माझ्या मेव्हण्याने आमच्याच मातृवृक्षाची कलमं नेऊन घाटावर साताऱ्याकडे लावली. झाडं छान वाढली, पानं आमच्यापेक्षा हिरवीगार. फळाला रंगही येतो, पण पेटी उघडल्यावर घर भरून जातं तो वास नाही. साल जाड. इथे कातळात सुरुंग लावून खड्डा करतो, त्यात माती भरून झाड जगवतो, वरून खारा वारा. तिथे काळी कसदार जमीन, पाण्याची चैन. लाडावलेलं झाड पानं काढत बसतं. म्हणून ‘खत-पाणी भरपूर म्हणजे चांगले संस्कार’ हेही मला पटत नाही.

ठोकताळा | सोमवार, रात्री ९:५५

कातळसडा, तुमच्याच तोंडून निघालं. खुंट रायवळचा, मूळ रायवळचं, रस रायवळाचा, तरी आंबा हापूसच लागला ना? रायवळ नाही लागला. काडी तसं फळ. विषय संपला, धागा बंद करा.

ओसरी | सोमवार, रात्री १०:४०

ठोकताळा, हे वाचून अर्धा तास काही लिहावंसं वाटलं नाही. आम्ही खुंट आणि ती काडी, असंच डोक्यात फिरत राहिलं. तुमचं बोलणं खोटं म्हणता येत नाही हाच त्रास आहे.

कातळसडा | मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, झोपलात तरी का? अर्धंच सांगितलं म्हणून घोळ झाला. साका राहिला.

हापूस कापल्यावर कोयीजवळ कधी कधी पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस भाग निघतो, तो साका. बाहेरून टकटकीत फळ, काही कळत नाही. हा रोग मुळात हापूसच्या वाणातलाच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून ‘रत्ना’ काढला, त्यात साका होत नाही. म्हणजे ठोकताळासाहेब जिंकले. पण थांबा. एकाच झाडाच्या, एकाच फांदीच्या दोन आंब्यांत एकात साका असतो आणि दुसऱ्यात नसतो. तापलेल्या जमिनीची धग लागली, काढायला उशीर झाला, काढल्यावर उन्हात पडला, की वाढतो. आम्ही झाडाखाली पाचोळा पसरतो, आंबा वेळेवर उतरवतो, लगेच सावलीत नेतो. साका कमी होतो. वाण तोच राहिला, माझ्या बोलण्याने बदलला नाही. पेटी मात्र वाचली.

नऊवारी_डॉक्टर | मंगळवार, सकाळी १०:२५

कातळसडा यांना +१. माणसातही असा साका आहे, फेनिलकीटोन्युरिया नावाचा. जनुकात एक बिघाड, त्यामुळे अन्नातलं फेनिलअ‍ॅलनिन पचत नाही, साठत जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. दोष पूर्णपणे आनुवंशिक. उपाय काय? पथ्य. बाळ जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासलं आणि लगेच वेगळा आहार सुरू केला तर मूल चारचौघांसारखं वाढतं. ‘आनुवंशिक’ ऐकलं की लोक हात टेकतात, ते हात टेकणं शास्त्रात बसत नाही.

दुसरं, इथे सगळे जन्मानंतरचंच बोलताय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदर होण्याआधीपासून पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तिकडच्या बाळांइतकी. मांस कमी पडलं, चरबी जपून ठेवली. पुढे ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं की गरोदरपणी ज्या आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त.

याज्ञिकांचा एक फोटो फार गाजला. ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. २००४ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. माझ्या दवाखान्यात सडपातळ माणूस मधुमेह ऐकून "पण डॉक्टर, मी जाड कुठे आहे?" विचारतो, त्याला मी हीच गोष्ट सांगते. आता सांगा, आईच्या पोटात झालेलं हे वाण धरायचं की गुण? जनुकं नव्हेत, तरी बाळ ते घेऊनच जन्माला आलं.

तिसरी_पिढी | मंगळवार, दुपारी ४:००

एरवी इथे वाचनमात्र असतो. ‘रक्त’ हा शब्द आमच्या घरात जरा वेगळ्या अर्थाने येतो, म्हणून लिहितोय.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तर्क साधा होता. या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेचं कुंपण घालून वसाहत केली, त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. माझे आजोबा त्या तारेच्या आत जन्मले. पाळण्यातल्या पोराने काय गुन्हा केला असेल? पण यादीत जमात होती, माणूस बघायची गरज नव्हती. मोठं झाल्यावर हजेरी. गिरणीत कामाला जायचं, भोंगा झाला की परत तारेच्या आत आणि पुन्हा हजेरी. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, आमची सुटका ३१ ऑगस्ट १९५२ ची. आजोबा शेवटपर्यंत कुणी मोठ्याने नाव घेतलं की उठून उभे राहायचे. आम्ही पोरं हसायचो. ते हजेरीचं होतं हे फार उशिरा कळलं.

कॅशिअरसाहेब, तुमच्या जुळ्यांच्या प्रयोगाशेजारी हाही प्रयोग ठेवा. माणसांना तारेत कोंडा, जमीन देऊ नका, फिरून पोट भरायचा धंदा बंद करा, जन्मतः चोर म्हणून लिहा. मग मोजा. जे सापडेल ते रक्तातलं की तारेतलं?

मी शिक्षक आहे, बहीण नर्स आहे. "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो" ही शाबासकी दोघांनी बऱ्याचदा घेतली आहे. ओसरीताई, तुमच्या हिशोबाचा दुसरा रकाना मला पाठ आहे.

गुणसूत्र | मंगळवार, सायंकाळी ५:३०

यावर काय लिहू. फक्त एक तारीख जोडते. ‘वाण की गुण’ या जोडीला इंग्रजीत रूढ केलं ते फ्रान्सिस गाल्टनने, १८७४ च्या पुस्तकात. डार्विनचा नात्यातला भाऊ. त्याआधी १८६९ मध्ये थोर माणसांच्या वंशावळ्या मांडून त्याने बुद्धी आनुवंशिक असल्याचं सांगितलं होतं. न्यायाधीशांची मुलं न्यायाधीश होतात हे त्याला दिसलं, न्यायाधीशाच्या घरातली पुस्तकं आणि ओळखी तितक्या दिसल्या नाहीत. १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्र, म्हणजे निवडक वाणाचीच माणसं वाढवायचं शास्त्र, हा शब्दही त्याचाच. तो लंडनमध्ये हे लिहीत होता तेव्हा तोच विचार इथे कायदा होऊन बसला होता.

माजी_कॅशिअर | मंगळवार, रात्री ८:१५

तिसरी_पिढी, वाचलं. दोनदा वाचलं. माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्या प्रतिसादातला ‘बीज’ शब्द तसाच राहू देतो, खोडला तर तुमचं लिहिणं अधांतरी दिसेल.

जुळ्यांचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. ७० टक्के म्हणजे ७० टक्के, भाकरी काहीही असो.

उंटाची_तिरकी_चाल | मंगळवार, रात्री ९:००

बुद्धिबळवाला म्हणून दोन पैसे. हंगेरीच्या लास्लो पोल्गारने आधी जाहीर केलं की प्रतिभावान घडवता येतात, मग तिन्ही मुलींना घरीच शिकवलं. धाकटी युदित १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, बॉबी फिशरचा विक्रम मोडून. त्याच्याही आधी मुंबईत खाडिलकरांच्या घरात वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी होत्या. १९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा वासंतींनी जिंकली, रोहिणी पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या आणि १९८१ मध्ये आशियाई विजेत्या. ‘संस्कार’वाले ही उदाहरणं लगेच खिशात घालतात. पण दोन्हीकडे मुली त्याच आईबापांच्या पोटच्या, आणि शिकवलं त्याच घराने. मग वाण की गुण हे यातून कसं कळणार? पोल्गारला सिद्धच करायचं होतं तर दत्तक मूल घ्यायला हवं होतं.

ओसरी | मंगळवार, रात्री १०:१०

दत्तक मूल सिद्ध करायला घेत नसतात हो. (हे हसत लिहिलंय.)

डॉक्टरताई, एक विचारायचं आहे आणि विचारायला भीती वाटते. पहिले सात महिने. ते कसे गेले, ठाऊक नाही. संस्थेतल्या बायका मायाळू होत्या, पण वीस पाळणे आणि दोन बायका.

नऊवारी_डॉक्टर | मंगळवार, रात्री १०:४५

भीतीचं उत्तर बुखारेस्टमधून मिळतं. हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात गर्भपातावर बंदी घातल्याने रोमेनियाचे अनाथाश्रम भरून गेले होते. २००० च्या सुमारास तिथे नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी संस्थांमधली १३६ मुलं घेतली, वय सहा ते एकतीस महिने. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबात पाठवलं, निम्मी होती तिथेच. संस्थेत राहिलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाला बिलगणं, सगळंच मागे पडलं. कुटुंबात गेलेली सावरली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त सावरली. प्रत्येक गोष्टीत नाही, पण बऱ्याच गोष्टींत. (निम्म्यांना तिथेच ठेवणं योग्य होतं का, यावर वेगळा धागा होईल.)

सात महिने म्हणजे लवकरच. मुद्दाम धीर देत नाही, तू बजावलं आहेस. आकडे तसं म्हणतात.

रिकामा_डबा | बुधवार, सकाळी ८:००

अहो, माझ्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही. मी खरंच विचारत होतो, आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. घर्रर्र म्हणजे कपलरचे दात झिजलेत. तो काढायला खालचं झाकण उघडून शाफ्ट धरून ठेवावा लागतो, आणि कपलरचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवला तर सुटतो. आमच्याकडे येणारी पोरं पहिले पंधरा दिवस उलटाच पिळतात आणि मोडतात. ताई, तुमच्या मुलीने तो सुटा करून वाटीत ठेवला होता असं लिहिलंत. नऊ वर्षांच्या पोरीला हे सांगितलं कुणी?

ओसरी | बुधवार, दुपारी ३:२०

तुमचा प्रतिसाद वाचून तिलाच विचारलं. वॉचमनकाकांनी. जिन्याखाली ते लोकांचे पंखे, मिक्सर दुरुस्त करत बसतात, ही शाळेतून आली की दप्तर घेऊन तिथेच. म्हणे, "काका बोलतात, पकड दे, मी देते." मला वाटायचं खाली खेळतेय. ढवळ्याशेजारचा पवळ्या माझ्याच इमारतीत होता.

म्हणून आज मुद्दाम खाली जाऊन पाहिलं. जिन्यात बारा पोरं पकडापकडी खेळत होती. काकांसमोर पेटीवर बसलेली ही एकटीच.

नवीन कपलर काकांनीच आणून दिला. लेकीने बसवला, घर्रर्र थांबली. एक स्क्रू उरलाय.

रिकामा_डबा | बुधवार, दुपारी ३:३५

खालच्या झाकणाचा असेल, मधल्या खळग्यातला. त्याच्याशिवाय चालू करू नका.

ओसरी | बुधवार, दुपारी ३:५०

तीही तेच म्हणाली. लावतेय.